फलंदाजाचे षडाष्टक

लग्न जुळवताना आपल्याकडे पत्रिका पाहतात. छत्तीसांपैकी अठ्ठावीस गुण जुळलेले असतात, दोन्हीकडची मंडळी खुशीत असतात, आणि तेवढ्यात ज्योतिषीबुवा चष्मा सावरून म्हणतात, "सगळे उत्तम आहे हो, पण षडाष्टक आहे!" झाले! आतापर्यंतच्या अठ्ठावीस गुणांवर पाणी पडते.

खेळाच्या जगातही असे षडाष्टक मानणारी माणसे थोडीथोडकी नाहीत. अमुक फलंदाज एरवी वाघ, पण तमुक संघ समोर आला की त्याची शेळी होते, हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो. क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशी आमच्या प्राध्यापक-कक्षात तर ते दर दहा मिनिटांनी ऐकू येते. मी मराठीचा प्राध्यापक. आकड्यांशी माझे नाते वाण्याच्या बिलापुरते. पण या षडाष्टकाचा छडा लावावा असे मला वाटले ते क्रिकेटमुळे नव्हे, तर बेसबॉलमुळे.

त्याचे असे झाले. माझा भाचा नोकरीनिमित्त बॉस्टनला असतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्याकडे गेलो असताना तो मला फेनवे पार्क या मैदानावर घेऊन गेला. १९१२ साली उघडलेले हे मैदान अमेरिकन माणसाला देवळासारखे. डाव्या बाजूला ३७ फूट उंचीची हिरवीगार भिंत. उजवीकडे दूरवर हिरव्या खुर्च्यांच्या रांगाच रांगा, आणि त्यांत मधेच एकच खुर्ची तांबडी!

"तिचे काय?" मी विचारले.

"सांगतो, मामा, पण आधी हे बघा," भाचा म्हणाला. मैदानात एक फलंदाज येत होता. भाच्याने हातातला फोन माझ्यापुढे धरला. त्यावर त्या फलंदाजाची कुंडलीच मांडलेली होती. या संघाविरुद्ध २० खेपा, टोले फक्त ३. पुढच्या रांगेतले एक आजोबा नातवाला काहीतरी सांगून निराशेने मान हलवत होते. ती मान मी ओळखली. आमच्या ज्योतिषीबुवांचीच ती!

दहांत तीन म्हणजे थोर

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. इथे चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. चेंडू टप्पा न पडता थेट अंगावर येतो. फलंदाजाने तो टोलवायचा, आणि क्षेत्ररक्षकांच्या हाती न लागता निदान पहिल्या बेसपर्यंत सुखरूप पोचायचे. पोचला, की तो 'टोला' धरतात. पिचरच्या चुकीमुळे फुकट पहिला बेस मिळाला तर ती खेप हिशेबात येत नाही. टोल्यांना खेपांनी भागले की सरासरी निघते, आणि ती हजारांच्या मापात बोलतात. हजारी ३०० म्हणजे दहा खेपांत तीन टोले. दहांतल्या सात वेळा हात हलवत परत यायचे आणि तरी थोर म्हणवून घ्यायचे, असा हा खेळ आहे. आमच्या विद्यापीठाने हा नियम लावला, तर किती घरांत पेढे वाटले जातील!

खेळाच्या या स्वभावामुळे एक गोष्ट ओघानेच येते. अपयश हे बेसबॉलच्या फलंदाजाचे रोजचे मीठभाकर आहे. मग ते एका विशिष्ट संघासमोर जरा जास्त वेळा आले, तर त्याला षडाष्टक म्हणायचे की नेहमीचेच मीठ चिमूटभर जास्त पडले म्हणायचे?

उत्तर शोधायला आधी आपल्या ओळखीच्या अंगणात जाऊ. १९३२ च्या जुलैत न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये डॉन ब्रॅडमन आणि बेब रूथ या दोन सम्राटांची भेट झाली होती. त्यांतल्या आपल्या ओळखीच्या सम्राटाचे आकडे पाहा. कसोटी सामन्यांत ब्रॅडमनची सरासरी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २०१.५०, भारताविरुद्ध १७८.७५, इंग्लंडविरुद्ध ८९.७८ आणि वेस्ट इंडीजविरुद्ध ७४.५०. म्हणजे वेस्ट इंडीजशी ब्रॅडमनचे षडाष्टक होते की काय? मुळीच नाही. त्या संघाविरुद्ध त्याने आयुष्यात पाच सामने खेळले आणि त्यांत त्याचे डाव सहा. एक २२३ चा, एक १५२ चा आणि उरलेल्या चारांत मिळून धावा ७२. सहा डावांवरून कुणी ब्रॅडमनचे भविष्य वर्तवू लागला, तर आपण त्याला खुळ्यात काढू. पण हेच सहा डाव 'अमुक संघाविरुद्ध' असे शीर्षक लावून छापले, की आपण गंभीर होतो.

क्लीव्हलँडची रात्र

आता अमेरिकेतली हकीकत. १९४१ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क यांकीजच्या ज्यो डिमॅजिओने साऱ्या देशाला वेड लावले होते. १५ मेपासून एकही सामना असा गेला नाही की ज्यात त्याने निदान एक टोला मारला नाही. होता होता असे ५६ सामने झाले. १७ जुलैच्या रात्री यांकीज क्लीव्हलँडला खेळायला उतरले तेव्हा ६७,४६८ माणसे जमली होती.

क्लीव्हलँडचा तिसऱ्या बेसवरचा क्षेत्ररक्षक केन केल्टनर त्या रात्री बराच मागे, सीमारेषेला चिकटून उभा होता. डिमॅजिओने दोनदा त्याच्या दिशेने सणसणीत चेंडू मारले. दोन्ही वेळा केल्टनरने उलट्या हाताने ते अडवून पहिल्या बेसवर फेकले. आठव्या डावात डिमॅजिओने मारलेला चेंडू लू बूड्रो या तरुण क्षेत्ररक्षकाकडे गेला. त्यानेही तो सोडला नाही. ५६ सामन्यांची माळ तुटली.

आता कोणी म्हणेल, पाहा, क्लीव्हलँडनेच त्याला जेरीस आणले! पण आदल्याच दिवशी, १६ जुलैला, हाच डिमॅजिओ याच क्लीव्हलँडविरुद्ध खेळला होता, आणि त्या दिवशी त्याने तीन टोले मारले होते! एका रात्रीत त्याची रास बदलली नव्हती. केल्टनर दोन पावले पुढे असता तर आकड्यांची कहाणी निराळी झाली असती. माळ तुटल्यावर हा गडी काही खचला नाही. पुढच्या सलग १६ सामन्यांत त्याने पुन्हा टोले मारले.

तांबड्या खुर्चीचा मालक

डिमॅजिओची ती माळ चालू होती तेव्हा बॉस्टनला दुसरा एक फलंदाज तितक्याच तेजाने खेळत होता. भाच्याने मला दाखवलेली ती तांबडी खुर्ची त्याचीच खूण. टेड विल्यम्स त्याचे नाव. ९ जून १९४६ ला त्याने मारलेला चेंडू ५०२ फूट दूर जाऊन त्या जागी बसलेल्या एका प्रेक्षकाच्या गवती टोपीवर आदळला.

विल्यम्सचा मानीपणा सांगायचा तर १९४१ चा मोसम संपतानाची गोष्ट सांगावी लागते. शेवटच्या दिवशी त्याची सरासरी ३९९.५५ होती. छापताना ती ४०० च झाली असती. त्या दिवशी फिलाडेल्फियाच्या संघाशी दोन सामने होते. व्यवस्थापकाने सुचवले, बाहेर बस, चारशेचा मान पदरात पडलाच आहे. विल्यम्सने ते मानले नाही. तो दोन्ही सामने खेळला, आठ खेपांत सहा टोले मारले आणि ४०६ वर जाऊन थांबला. त्यानंतर आजवर त्याच्या लीगमध्ये कोणालाही पुऱ्या मोसमात ४०० गाठता आलेले नाहीत.

या माणसाला अडवायचे कसे? १४ जुलै १९४६ ला फेनवे पार्कवर क्लीव्हलँडशी दोन सामने होते. पहिल्यात विल्यम्सने तीन होम रन मारले. क्लीव्हलँडचा व्यवस्थापक होता तोच लू बूड्रो. तो आता खेळाडूही होता आणि व्यवस्थापकही. त्याने स्वतः त्याच सामन्यात एक होम रन आणि चार दुहेरी टोले मारले, तरी बॉस्टनने सामना ११-१० असा जिंकला. इतके करूनही हरल्यावर माणसाला एक तर झोप लागत नाही, नाहीतर युक्ती सुचते. बूड्रोला युक्ती सुचली.

विल्यम्स डावखुरा. त्याचा फटका बहुतेक वेळा मैदानाच्या उजव्या बाजूला जाई. दुसऱ्या सामन्यात तो खेळायला आला तेव्हा बूड्रोने खूण केली आणि पिचर-कॅचर सोडून उरलेल्या सातांपैकी सहा क्षेत्ररक्षक उजवीकडे सरकले. डावीकडे उरला एकटा, तोही पुढे सरकून उभा. अर्धे मैदान ओस! डावीकडे हलकेच ढकलला असता तरी टोला मिळाला असता. पण विल्यम्स म्हणजे विल्यम्स. त्याने चेंडू उजवीकडेच मारला आणि तो बूड्रोच्याच हाती बाद झाला.

हे पाहून इतर संघांनीही ही मात्रा उगाळली. पण मौज अशी, की त्याच वर्षी १३ सप्टेंबरला क्लीव्हलँडच्याच मैदानावर, त्याच व्यूहासमोर, विल्यम्सने चेंडू डावीकडे मारला. तो एकट्या क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून गेला, आणि तो परत येईपर्यंत विल्यम्स चारी बेस धावून आला होता. सामना १-० असा सुटला आणि त्याच एका धावेवर बॉस्टनने आपल्या लीगचे विजेतेपद पक्के केले. व्यूह रचणाऱ्याच्या अंगणातच व्यूह फुटला!

सात सामन्यांचा कलंक

गोष्ट इथे संपली असती तर किती बरे झाले असते. पण विजेतेपदानंतर येते वर्ल्ड सीरिज. १९४६ च्या ऑक्टोबरात बॉस्टनची गाठ सेंट लुइस कार्डिनल्सशी पडली. सीरिजच्या आधी एका सराव सामन्यात चेंडू लागून विल्यम्सचे कोपर सुजले होते. कार्डिनल्सनीही आपल्या तऱ्हेचा व्यूह रचला. सात सामन्यांत विल्यम्सला २५ खेपांत केवळ पाच टोले मिळाले. पाचही एकेरी, होम रन एकही नाही. एकदा त्याने ओस पडलेल्या डाव्या बाजूला चेंडू नुसता टेकवला, तर बॉस्टनच्या वृत्तपत्राने त्याचाच मोठा मथळा केला! सातव्या सामन्यात बॉस्टन ४-३ ने हरले.

विल्यम्स त्यानंतर १९६० पर्यंत खेळला. एकंदर सरासरी ३४४, होम रन ५२१, आणि हे सगळे दोन युद्धांत ऐन उमेदीची वर्षे घालवून. पण वर्ल्ड सीरिज त्याच्या वाट्याला पुन्हा आली नाही. 'मोठ्या प्रसंगी कच खाणारा' हा शिक्का मात्र आयुष्यभर पाठीस लागला. त्या २५ खेपा त्याने आणखी पाच हजारांवर खेपा खेळून फेडल्या, तरी फिटल्या नाहीत.

आणि आता गंमत पाहा. त्याच सीरिजमध्ये समोरच्या संघात स्टॅन म्यूझिअल हा तितकाच थोर फलंदाज होता. त्याची सरासरी किती? २७ खेपांत सहा टोले, म्हणजे हजारी २२२. विल्यम्सपेक्षा फार वर नव्हे! पण म्यूझिअलचा संघ जिंकला, म्हणून त्याचे अपयश कुणाच्या ध्यानात राहिले नाही. जिंकलेल्या घरच्या वऱ्हाडात रुसवेफुगवे मोजत नाहीत.

चिंचोक्यांचा प्रयोग

मी घरी परतलो ते डोक्यात हे २५ आणि ५ चे गणित घेऊनच. कन्या गणितात हुशार. तिने सुचवलेला प्रयोग वाचकांनी दिवाळीच्या फराळानंतर अवश्य करून पाहावा. एका पिशवीत दहा चिंचोके घ्या. तिघांना कुंकू लावा. हे झाले टोले. आता न बघता एक काढा, नोंद करा, परत टाका, पिशवी हलवा. असे २५ वेळा केले की झाली एक वर्ल्ड सीरिज. आमच्या पहिल्या फेरीत लाल चिंचोके आठ निघाले, दुसरीत पाच, तिसरीत अकरा, चौथीत सात. पिशवी तीच, चिंचोके तेच, काढणारा हात तोच! पाच आले तेव्हा चिंचोक्यांनी कच खाल्ली, आणि अकरा आले तेव्हा त्यांच्या अंगात वीरश्री संचारली, असे कोणी म्हणेल काय?

मग कन्येने कागदावर विल्यम्सचा हिशेब मांडला. त्या वर्षीची त्याची सरासरी ३४२. असा फलंदाज २५ खेपांत सरासरीने साडेआठ टोले मारील. पण केवळ नशिबाच्या हेलकाव्याने पाच किंवा त्याहून कमी मारण्याची पाळीही त्याच्यावर दर दहा वेळांत जवळजवळ एकदा येईल. सुजलेले कोपर आणि कार्डिनल्सचा व्यूह यांना बाजूला ठेवूनसुद्धा!

म्हणजे एका संघाविरुद्धच्या वीसपंचवीस खेपांचा आकडा हा बव्हंशी चिंचोक्यांचा खेळ असतो. फेनवे पार्कवरच्या त्या आजोबांची मान २० खेपांवर हलत होती.

मग सगळाच भास?

तसेही नाही. षडाष्टक खोटे असले तरी प्रतिपक्ष खरा असतो. फक्त तो 'संघ' या नावाखाली शोधून सापडत नाही. फोड करून पाहिला की सापडतो.

पहिली गोष्ट हाताची. उजव्या पिचरचा वळणारा चेंडू उजव्या फलंदाजाला आधी अंगावर आल्यासारखा वाटतो आणि मग दूर पळतो. डावखुऱ्या फलंदाजाला तोच चेंडू हातातून सुटल्यापासून नीट दिसतो. म्हणून बहुतेक फलंदाज विरुद्ध हाताच्या पिचरसमोर अधिक खुलतात. हे हजारो खेपांतून सिद्ध झालेले सत्य आहे. एखाद्या संघात डावखुऱ्या पिचरांची रांग असेल तर डावखुऱ्या फलंदाजाचे आकडे तिथे खालावणारच. शिवाय सुरुवातीचा पिचर रोज खेळत नाही. हल्ली तो चारपाच दिवसांची विश्रांती घेतो. तीन सामन्यांसाठी गावात आलेल्या फलंदाजाला त्या संघाचे नेमके कोणते तीन पिचर भेटतील, हाही योगायोगच.

दुसरी गोष्ट मैदानाची. क्रिकेटच्या खेळपट्टीचे महत्त्व आपण जाणतो. बेसबॉलमध्ये मैदानाचा आकारच गावागणिक निराळा. कोलोरॅडोचा संघ डेन्व्हरला, समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० फुटांवर खेळतो. तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि वळतो कमी. तिथे जाऊन फलंदाजाने खोऱ्याने धावा ओढल्या, की 'कोलोरॅडो याला लाभते' असे लोक म्हणतात. लाभते ती हवा!

तिसरी गोष्ट ओळखीची. टाय कॉब या जुन्या काळच्या धूर्त फलंदाजाला वॉल्टर जॉन्सन या अतिवेगवान पिचरचे एक मर्म कळले होते. आपला चेंडू लागून कुणाचा जीव जाईल, या भीतीने तो सज्जन माणूस अंगावर टाकीत नसे. कॉब मुद्दाम पुढे सरकून उभा राही, मग जॉन्सन बाहेर टाकू लागे. अशी खरी कोंडी दोन माणसांत असते, दोन संघांत क्वचितच. आपल्या काळातले उदाहरण घ्यायचे तर टोनी ग्विन आणि ग्रेग मॅडक्स यांचे. मॅडक्स पिचरांमधला पंडित. पण शंभरावर भेटींत त्याला ग्विनला एकदाही तीन स्ट्राइकांवर बाद करता आले नाही, आणि ग्विनची त्याच्याविरुद्धची सरासरी चारशेच्या वर राहिली. शंभर भेटी म्हणजे थोडा तरी आवाका झाला.

चौथी गोष्ट बूड्रोच्या व्यूहाची. ती युक्ती भास नव्हती. पुढे यंत्रांनी प्रत्येक फलंदाजाच्या प्रत्येक फटक्याची दिशा टिपायला सुरुवात केली आणि असे व्यूह दररोज दिसू लागले. शेवटी २०२३ पासून नियम करावा लागला, की आतल्या चार क्षेत्ररक्षकांपैकी दोघे दुसऱ्या बेसच्या एका बाजूला आणि दोघे दुसऱ्या बाजूला हवेत. विल्यम्सला हा नियम सत्त्याहत्तर वर्षे उशिरा मिळाला.

खुद्द विल्यम्सने याचे मर्म ओळखले होते. खेळ सोडल्यावर त्याने फलंदाजीवर पुस्तक लिहिले. त्यात त्याने चेंडू येण्याच्या चौकोनाचे ७७ भाग पाडले आणि प्रत्येक भागात आपली सरासरी किती पडेल ते लिहिले. मधोमध आलेल्या चेंडूला ४००, खाली बाहेरच्या कोपऱ्यातल्या चेंडूला २३०. त्यात संघांची नावे नाहीत. त्याचा खरा प्रतिपक्ष तो खालचा बाहेरचा कोपरा होता, मग तिथे चेंडू टाकणाऱ्याच्या सदऱ्यावर कोणत्याही गावाचे नाव असो.

आणि म्यूझिअल? बावीस मोसम खेळून त्याने एकूण ३,६३० टोले मारले. त्यांतले १,८१५ घरच्या मैदानावर आणि १,८१५ परगावी. तंतोतंत निम्मे! एवढे खेळायला मिळाले की माणसाचे खरे माप असे आपोआप समोर येऊन उभे राहते. पंचवीस खेपांत ते कुठून येणार?

शेऱ्याचा रकाना

हे सगळे लिहिताना मला एक विद्यार्थिनी आठवते आहे. वर्गात तिच्यासारखे विवेचन कुणी करत नसे. पण तोंडी परीक्षेला दोन्ही वर्षी तेच बाहेरचे परीक्षक आले आणि दोन्ही वर्षी ती अडखळली. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, 'लेखी चांगले. तोंडी परीक्षेत कच खाते.' दोन खेपांवर! विल्यम्सला निदान पंचवीस तरी मिळाल्या होत्या. पुढे तिने अध्यापनाच्या जागेसाठी शिफारसपत्र मागितले तेव्हा मी ते जरा हात आखडूनच लिहिले, हे आज कबूल करतो. तिला ती जागा मिळाली नाही. माझ्या पत्रामुळे नसेलही. पण ते पत्र पुन्हा लिहायला मिळाले तर मी ते निराळे लिहीन.

त्या दिवशी फेनवे पार्कवर वीस खेपांत तीन टोले मारलेल्या त्या फलंदाजाने एकविसाव्या खेपेला काय केले, असे वाचक विचारतील. त्याने चेंडू उंच उडवला आणि तो झेलबाद झाला. आजोबांनी "सांगत नव्हतो?" अशा मुद्रेने नातवाकडे पाहिले. नातू मात्र दूरच्या त्या तांबड्या खुर्चीकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होता.

यंदाच्या तोंडी परीक्षेचा तक्ता परवाच माझ्या हाती आला. शेऱ्याच्या रकान्याशेजारी मी पेन्सिलीने आणखी एक रकाना आखला आहे. त्याचे शीर्षक, 'कितव्या खेपेवरून?'